तेल, पाणी आणि नातीची बाटली



दर अंकात या पानावर साखर, सांधे नाहीतर रक्तदाब असतो, आणि "बाई, आता जरा दुसरे काहीतरी लिहा" असे फोनही मला येतात. तर या वेळी दुसरे काहीतरी लिहिते. मात्र हा विषय मी शोधलेला नाही. माझ्याच जेवणाच्या टेबलावर भांडण होऊन तो माझ्या पदरात पडला.

शुक्रवारची रात्र, घर भरलेले. माझी थोरली नात इथल्याच एका विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करते. मराठी म्हणाल तर "आजी", "बस झालं" आणि "जेवलीस का" एवढेच तिला येते, बाकी सगळे हिब्रूत. माझे दीर इलेक्ट्रिशियन, गेली पंधरा वर्षे छपरांवर सोलर पॅनेल बसवतात. नात प्लॅस्टिकचे सोलर सेल बनवते हे ऐकून ते मला म्हणाले, "वहिनी, चीनहून कंटेनर भरभरून सिलिकॉनची पॅनेलं येतात, पंचवीस वर्षांच्या गॅरंटीची. आणि ही पोरगी चार वर्षं बाटलीत काय ढवळतेय? शाई?" आणि मग हेच तिला कळावे म्हणून पुन्हा हिब्रूत म्हणाले. पोरीने चमचा खाली ठेवला आणि बाल्कनीत निघून गेली. मागून मी गेले तेव्हा कळले की त्याच आठवड्यात तिची तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली होती, आणि हे सगळे सोडून शाळेत शिकवायला जावे असा विचार तिच्या मनात चालू होता.

आता मी काय सांगणार? मी अलिबागच्या मराठी शाळेतून एस.एस.सी. झालेली, मुंबईत नर्सिंग शिकलेली आणि १९७१ साली इकडे आलेली बाई. पण पेशंट पाहिल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, हे मात्र मी पक्के शिकले आहे. म्हणून तिला म्हटले, मला तुझी बाटली दाखव.

आधी एक खुलासा, कारण आपल्या वयाच्या मंडळींचा इथे घोळ होतो. छपरावरचा आपला दूद शेमेश म्हणजे सोलर सेल नव्हे. तो उन्हाने पाणी तापवतो, बस. लेव्ही यिस्सार यांनी तो १९५३ च्या सुमाराला या देशात विकायला आणला, आणि १९८० साली बहुतेक नव्या घरांना तो कायद्याने बंधनकारक झाला. सोलर सेल उन्हाची थेट वीज करतो. १९५४ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल तयार झाला. अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांची तो वीज करी. आज दीर बसवतात ती पॅनेले २० टक्क्यांच्या वर जातात. पण सिलिकॉन म्हणजे वाळू वितळवून, शुद्ध करून, पुन्हा १,४०० अंशांच्या वर तापवून केलेला पदार्थ. शिवाय जड, काचेत बसवायचा, वाकवला तर तडकणारा.

प्लॅस्टिकमधून वीज जात नाही असेच आपल्याला शाळेत शिकवले होते, आणि वायरीवरचे प्लॅस्टिक पाहून ते खरेही वाटे. १९६७ साली जपानमध्ये शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाने चुकून हजारपट जास्त उत्प्रेरक घातला, आणि काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चकाकणारा पातळ पापुद्रा तयार झाला. उत्प्रेरक म्हणजे जो रासायनिक क्रिया घडवून आणतो पण स्वतः खर्ची पडत नाही तो. डोसमध्ये हजारपट चूक! आमच्या वॉर्डात असे झाले असते तर चौकशी बसली असती. इथे मात्र पुढे १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या तिघांनी त्या पापुद्र्यात थोडे आयोडीन मुरवून त्यातून वीज वाहवून दाखवली, आणि २००० साली तिघांना नोबेल मिळाले.

वीज वाहून नेणे वेगळे आणि उन्हाची वीज करणे वेगळे. नातीने हे मला बसमध्ये समजावले, आणि मला जसे समजले तसे लिहिते. ऊन प्लॅस्टिकवर पडले की एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि मागे त्याची रिकामी जागा राहते. सिलिकॉनमध्ये ही दोघे लगेच वेगळी होतात. प्लॅस्टिकमध्ये ती एकमेकांना धरून राहतात. जोडीने थोडे भटकतात, साधारण १० नॅनोमीटर, आणि तेवढ्यात वेगळी झाली नाहीत तर इलेक्ट्रॉन परत आपल्या जागेवर येऊन पडतो. ऊन फुकट. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि आपला केस काही हजार नव्हे, काही दहा हजार नॅनोमीटर जाड असतो. त्या जोडीला वेगळे करायला इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ शेजारी लागतो. तो शेजारी दहा नॅनोमीटरच्या आत हवा, पण ऊन नीट शोषायला थर निदान शंभर नॅनोमीटर जाड हवा. सगळी अडचण या दोन आकड्यांत आहे.

१९८६ साली कोडॅक कंपनीत चिंग तांग यांनी दोन थर एकावर एक ठेवून सेल केला. वीज झाली, पण सुमारे एकच टक्का, कारण दोन थर जिथे टेकतात तेवढीच जागा कामाची. १९९५ मध्ये हीगर यांच्या गटाने सरळ दोन्ही पदार्थ एकत्र कालवले. एक पॉलिमर आणि दुसरा कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूंचा. आता सीमा सगळीकडे झाली, खिचडीत तांदूळ आणि डाळ जिकडेतिकडे टेकतात तशी. आकडे चढू लागले.

पण वाचकहो, खिचडी कालवलेली राहत नाही. आपण शनवार तेली. तेल आणि पाण्याची गोष्ट आपल्याला कोणी सांगायला नको. माझ्या आजोबांचा घाणा मी लहानपणी पाहिलेला आहे. कितीही ढवळा, थोडा वेळ गेला की तेल वर आणि पाणी खाली. या सेलमध्येही तेच होते, फक्त हळूहळू. नेगेवच्या उन्हात छपरावरचे पॅनेल साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज तापते. त्या उष्णतेने ते कार्बनचे चेंडू सरकत सरकत एकत्र येतात, त्यांचे खडे बनतात, आणि दहा नॅनोमीटरचा शेजार मोडतो. सेल पहिल्या दिवशी चांगला असतो, आणि उन्हाळा संपेपर्यंत थकतो.

इथे नातीचे काम सुरू होते. तेल आणि पाणी एकाच दोऱ्यात ओवले तर?

गजऱ्याचे उदाहरण घ्या. मोगरा आणि अबोली एकाआड एक ओवली तर एक प्रकारचा गजरा. पण अर्धा दोरा सगळा मोगरा आणि उरलेला अर्धा सगळी अबोली असे केले तर त्याला रसायनशास्त्रात ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. असे लाखो गजरे एका टोपलीत टाकले आणि मोगऱ्याला अबोली आवडत नाही असे धरले, तर मोगरा मोगऱ्याकडे जाईल, अबोली अबोलीकडे, पण दोरा एकच असल्यामुळे लांब कोणी जाऊच शकणार नाही. आपोआप पट्टे पडतील, आणि पट्ट्याची रुंदी दोऱ्याच्या लांबीवर ठरेल. नातीच्या दोऱ्यात एक मणी ०.४ नॅनोमीटरच्या आतबाहेरचा. पन्नास मणी ओवले की वीस नॅनोमीटर. म्हणजे जी रुंदी हवी तीच, आणि ती पदार्थाच्या अंगातच शिवलेली. हे मला फार आवडले.

अशा गजऱ्यांची वस्तू आपण रोज वापरतो. बुटांचे रबरी तळवे घ्या. पुष्कळ बुटांत स्टायरीन आणि ब्युटाडाईन यांचे ब्लॉक कोपॉलिमर असते. ते ओवायची रीत शोधणाऱ्या माणसाची गोष्ट नातीला ठाऊक नव्हती, मीच वाचून तिला सांगितली. मायकेल श्वार्त्स, जन्म १९०९, पोलंडमधल्या बेंजिन गावचे ज्यू. १९३५ मध्ये ते इकडे आले आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिकले. नंतर मँचेस्टर, आणि मग अमेरिकेत सिराक्यूज. तिथे १९५६ मध्ये त्यांनी हिरव्या रंगाच्या एका द्रावणात स्टायरीन घातले तर ते क्षणात चेरीसारखे लाल झाले. स्टायरीन संपले तरी लाल रंग गेला नाही. दोऱ्याची टोके मेलीच नव्हती! आणखी मणी घातले की दोरा पुढे वाढे, दुसऱ्या जातीचे घातले तर ते ओवले जात. त्यांनी या दोऱ्यांना "जिवंत पॉलिमर" असे नाव दिले. एक थेंब पाणी किंवा थोडी हवा शिरली की मात्र ते मरतात.

सौर सेलसाठी या वाटेने जाणाऱ्यांत हॉलंडमधल्या ग्रोनिंगनचा हादझीइओआनू यांचा गट पहिल्या काहींपैकी होता. तिथे २००० च्या सुमाराला वीज वाहणारा एक तुकडा आणि साधा एक तुकडा जोडून ब्लॉक केले गेले, आणि साध्या तुकड्यावर कार्बनचे चेंडू टांगायचे प्रयत्न झाले. पुढे लोक दोन्ही तुकडे वीज वाहणारे घेऊ लागले. नातीचेही तसेच आहे.

आता बाटलीकडे वळते. प्रयोगशाळेत शिरल्यावर पहिली ओळख पटली ती एका काचेच्या पेटीची. पुढे दोन भोके, त्यांत खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे, आत कोरडा नायट्रोजन. मी जागीच उभी राहिले. अकाली जन्मलेल्या बाळांच्या इन्क्युबेटरला मी अकरा वर्षे असेच हात घालून उभी राहिले आहे! तिथे बाहेरच्या जंतूंपासून जपायचे, इथे बाहेरच्या दमट हवेपासून. हात घालताना खांदा वाकडा होतो तो इथेही होतोच. तिला म्हटले, तुला आतापासून मानेचा त्रास होणार, स्टूल उंच घे.

पहिला तुकडा ती थायोफीन नावाच्या मण्यांचा ओवते. मण्याच्या दोन बाजूंना ब्रोमीन असते. आधी मॅग्नेशियमच्या एका अभिकर्मकाने एका बाजूचे ब्रोमीन बदलायचे, मग चिमूटभर निकेलचा उत्प्रेरक. निकेल म्हणजे इथे सुई. तो दोऱ्याचे टोक सोडत नाही, मणी घेतो, ओवतो, पुढच्या टोकावर सरकतो, पुन्हा घेतो. ही रीत २००४ मध्ये जपानात योकोझावा आणि अमेरिकेत मॅककुलो यांनी वेगवेगळी दाखवली. एका निकेलमागे पन्नास मणी घातले तर दोरे साधारण पन्नास मण्यांचे होतात, म्हणजे लांबी वजनकाट्यावर ठरते. काही मिनिटांत द्रावण नारिंगी होते. मग ते मिथेनॉलमध्ये ओतले की जांभळट काळा चोथा खाली बसतो, वर पितळेसारखी झाक. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला की पुन्हा नारिंगी, काचेवर पातळ पसरून वाळवला की वांगी रंग. पैठणीच्या धूपछाव पोतासारखे हे रंग बदलणे मी चार वेळा करून घेतले.

क्लोरोफॉर्मचा वास मात्र ओळखीचा नव्हता. आमच्या वेळेपर्यंत तो भूल देण्यातून गेलाच होता, पण आमच्या सिस्टर ट्यूटर त्याच्या गोष्टी सांगत. इथे सगळे धुराड्याखाली चालते. उद्या हे मोठ्या कारखान्यात करायचे तर इतका क्लोरोफॉर्म चालणार नाही, हे नातही मान्य करते.

चोथा धुवायला जे काचेचे यंत्र आहे त्याचे नाव सॉक्सलेट. खाली द्रावक उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, कागदी टोपीतल्या पदार्थावर ठिबकते, टोपीभोवतीची नळी भरली की आपसूक खाली ओतते, आणि पुन्हा तेच, रात्रभर. आधी मिथेनॉल, मग हेक्झेन, शेवटी क्लोरोफॉर्म. फ्रान्झ फोन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये हे दुधातली चरबी मोजायला केले होते, आणि तान्ह्या बाळांचे दूध तापवून जंतुरहित करून द्यावे म्हणून झटणाऱ्यांतही तेच होते. म्हणजे आमच्याच बिरादरीतले!

यानंतर दुसरा तुकडा जोडायचा. पहिल्या दोऱ्याच्या शेपटीला राहिलेल्या ब्रोमीनला धरून पॅलेडियमच्या मदतीने, गरम करत, दोन-तीन दिवस. इथेच तिचे बिनसले. तयार पदार्थ ती सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या एका नळीतून सोडते. लांब दोरे आधी बाहेर पडतात, आखूड मागून, आणि कागदावर उंचवटा उमटतो. सगळे दोरे जोडले गेले असतील तर एक उंचवटा. तिच्या कागदावर दोन होते, उंटाच्या पाठीसारखे. म्हणजे कित्येक दोऱ्यांच्या शेपटीचे ब्रोमीन आधीच गळून गेले होते आणि त्यांना दुसरा तुकडा लागलाच नाही. निम्मा माल नुसता मोगरा. आणि तो वेगळा काढताही येत नाही, कारण दोन्ही त्याच द्रावकात विरघळतात.

मी कागद हातात घेऊन चष्मा पुसला आणि विचारले, "बाटलीवरचं लेबल वाचून औषध घातलंस, की त्या दिवशी त्याची ताकद मोजून?" मला वाटले, चूक सापडली. ती हसली. म्हणाली, "आजी, ते पहिल्या वर्षी शिकवतात. दोनदा मोजली होती." पण आठवड्यात पहिल्यांदा हसली, तेवढे झाले.

आता दिरांच्या प्रश्नाकडे. त्यांचे आकडे खरे आहेत. कालवलेल्या सेलांनी २०१९ मध्ये मोठी उडी घेतली. चीनमध्ये चांगशा इथल्या झोउ यिंगपिंग यांच्या गटाने वाय-सिक्स नावाचा नवा रेणू केला, कार्बनचे चेंडू मागे पडले, आणि आज प्रयोगशाळेतले छोटे तुकडे २० टक्क्यांच्या आसपास पोचतात. ब्लॉकवाले मागे आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत राइस आणि पेन स्टेट या विद्यापीठांतल्या गटांनी ३ टक्के गाठले तेव्हा ते मोठे मानले गेले. २०२१ मध्ये चीनमधून वूहानच्या गटाने ११ टक्क्यांच्या वर नेले. शिवाय उत्साहाच्या भरात पैसे घालणाऱ्यांसाठी सांगते, अमेरिकेत कोनार्का नावाची कंपनी प्लॅस्टिकचे सोलर फिल्म बनवायला २००१ मध्ये निघाली, खुद्द नोबेलवाले हीगर संस्थापकांत होते, आणि २०१२ मध्ये तिचे दिवाळे निघाले. तेव्हा कोणी तुम्हाला "छापील सोलर"चे शेअर घ्या म्हणून गळ घातली तर आधी मुलांना विचारा.

पण माझे मत विचाराल तर टक्क्यांचा आकडा म्हणजे पेशंट भरती झाला त्या दिवसाचे टेंपरेचर. मला पाचव्या दिवसाचा चार्ट पाहायचा असतो. कालवलेला सेल पहिल्या दिवशी वीस दाखवतो आणि तापल्यावर घसरतो, तर किती घसरतो? जोडलेल्या दोऱ्याचा सेल कमी दाखवतो, पण तापल्यावर जागेवर राहतो का? हे चार वर्षे ढवळल्याशिवाय कळायचे नाही. आणि सगळेच छान आहे असेही नाही. पट्टे उभे राहिले तर वीज वरखाली नीट जाते, पण त्यांना बहुधा आडवे झोपायला आवडते. शिवाय एवढा खटाटोप करून ओवलेला दोरा महाग पडणारच. हे सगळे मी दिरांना फोनवर सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, पॅनेल मरतं ते बहुतेक कडेनं पाणी शिरून. ही पोरगी कडा कशानं बंद करते, विचारलंस?"

मी नव्हते विचारले. पुढच्या शुक्रवारी त्यांनीच विचारले. ती म्हणाली, अजून काहीच नाही, नायट्रोजनच्या पेटीतच ठेवते. मग जेवण बाजूला राहिले आणि दोघे कागदाच्या रुमालावर कडांची चित्रे काढत बसले. काजूची बर्फी मी तीन वेळा पुढे केली, कोणी पाहिले नाही.

दुसरा घाणा तिने त्यानंतर घातला. या वेळी कागदावर एकच उंचवटा आहे, एका बाजूला लहानसा खांदा. तेवढा चालतो म्हणे. त्या मालाचे काचेचे बारा तुकडे आणि कालवलेल्या मालाचे बारा, असे चोवीस तिने काळोखात ८५ अंशांच्या तव्यावर, त्या इन्क्युबेटरसारख्या पेटीत ठेवले आहेत. दिवसातून एकदा ती त्यांची वीज मोजते आणि वहीत लिहिते. वही मी पाहिली. तारीख, वेळ, सही, सगळे जागच्या जागी.

मंगळवारी पाचशे तास भरतात. शाळेचे नंतर बघू म्हणाली. मंगळवारी मला फोन करणार आहे. दुपारी दोन ते चार मी झोपते, पण त्या वेळी केलास तरी चालेल, असे सांगून ठेवले आहे.